हाक तिची, मालकी कोणाची?

आपल्या बैठकांमध्ये बाईच्या निर्णयांबद्दल आपण भरभरून बोलतो. मारणाऱ्या नवऱ्याचं घर सोडण्याचा निर्णय, लग्नच न करण्याचा निर्णय, आणखी मूल नको असा निर्णय, जातीबाहेरचा जोडीदार निवडण्याचा निर्णय. या प्रत्येकीच्या मागे आपण उभ्या राहतो. पण एखादी म्हणाली, ‘मला देवानं बोलावलंय, मला त्याच्या सेवेत जायचंय,’ की आपण एकमेकींकडे बघायला लागतो. कुणीतरी विषय बदलतं. हा काही तिचा स्वतःचा निर्णय नव्हे, ती कुणाच्या तरी नादी लागली आहे, असं आपण मनातल्या मनात ठरवून मोकळ्या होतो.

या अवघडलेपणाबद्दल मला बोलायचं आहे. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि वेरूळ-खुलताबाद भागातल्या गावांमध्ये बायकांबरोबर काम करते. बचतगट, रेशनकार्ड, घरातली मारहाण, टाकलेल्या बायकांची पोटगी, असं रोजचं काम. मी ख्रिस्ती नाही आणि कुठल्याच देवाची हाक मला आलेली नाही. तरीही ख्रिस्ती सेवेचं व्रत घेऊ पाहणाऱ्या बाईचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. बाईनं आपलं आयुष्य कशासाठी वापरायचं हे कोण ठरवणार, हा तो प्रश्न. देव त्यात असो किंवा नसो.

पाचारण म्हणजे काय?

मराठी ख्रिस्ती घरांत एक शब्द नेहमी कानावर येतो : पाचारण. पाचारण म्हणजे बोलावणं. ‘त्याला पाळक होण्याचं पाचारण झालं,’ ‘तिला आजाऱ्यांच्या सेवेचं पाचारण झालं,’ असं म्हणतात. नोकरीसाठी आपण अर्ज करतो. पाचारणाच्या बाबतीत अर्ज न करताच बोलावणं येतं आणि मग माणसाला स्वस्थ बसवत नाही, अशी ही समजूत आहे.

युरोपात पूर्वी हे बोलावणं मठात जाणाऱ्यांनाच येतं असं मानलं जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं सांगितलं की चांभाराचं काम, शेतकऱ्याचं काम, आईचं काम हेही देवानं दिलेलं पाचारणच आहे. विचार मोठा होता. पण त्याचा बायकांच्या वाट्याला आलेला भाग विचित्र निघाला. प्रॉटेस्टंट प्रदेशात जोगिणींचे मठ बंद झाले आणि लग्नाबाहेर राहून शिकण्याची, काम करण्याची बाईपुढची एक वाट बुजली. पुरुषांना शंभर पाचारणं आणि बाईला एकच, संसाराचं. धर्म सुधारला तरी बाईच्या हिशोबाची वही वेगळीच राहते, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता इथली गोष्ट सांगते. आमच्या कामात मदत करणारी एक मुलगी आहे. तिचं नाव-गाव मुद्दामच सांगत नाही. पंचविशीची, बी. ए. झालेली. पणज्याच्या काळात गावकुसाबाहेरून जी घरं ख्रिस्ती झाली, त्यातलं तिचं घर. रविवारी मुलांना शिकवते, दवाखान्यात कुणी एकटं पडलं असेल तर रात्र काढते. तिला ईश्वरविज्ञानाचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे आणि परत येऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत काम करायचं आहे. सहा महिने आई-बाप फडावर असतात, मागे म्हाताऱ्या आणि वयात आलेल्या मुली राहतात. त्यांच्यासाठी मला बोलावणं आहे, असं ती सांगते.

हे तिनं सांगितल्यावर काय झालं? आई म्हणाली, ‘आधी लग्न कर. मग नवऱ्याच्या संमतीनं काय ती सेवा कर.’ मंडळीतले वडीलधारे म्हणाले, ‘एखाद्या पाळकाचं स्थळ बघू. संसारही होईल आणि पाचारणही.’ आणि आमच्यातल्या काही कार्यकर्त्या म्हणाल्या, ‘अगं, हेच काम संस्थेत कर की. त्यात धर्म कशाला आणतेस?’

तिचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, ‘ताई, मी सेवा केलेली सगळ्यांना चालते. ती मी ठरवलेली मात्र कुणालाच चालत नाही.’

घर, धर्मसंस्था आणि चळवळ. तिघींना तिचे हात हवे आहेत. तिघींनाही तिचं म्हणणं अडचणीचं वाटतं.

वेरूळच्या परिसरातली बहिणा

या भागाला ही गोष्ट नवी नाही. वेरूळ म्हटलं की लोकांना कैलास लेणं आठवतं, राजे आठवतात. पण इथल्या घृष्णेश्वराची जी पुराणकथा सांगतात ती घुष्मा नावाच्या एका भक्तिणीची आहे. देवाला तिचं नाव मिळालं. त्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात केला तोही एका बाईनं, अहिल्याबाई होळकरांनी. म्हणजे देवाच्या नावात बाई आहे आणि देवळाच्या दगडातही बाई आहे. पण जिवंत बाईला देवाची हाक आली तर तिचं काय होतं, हे बघायला वेरूळच्या पश्चिमेला देवगावला जावं लागतं.

सतराव्या शतकातली संत बहिणाबाई या देवगावची. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींशी तिची गल्लत करू नये. जन्म १६२८ च्या सुमाराचा. अगदी लहान वयात तिचं लग्न तिशीच्या बिजवराशी लावलं गेलं. तिनं आपली सगळी कहाणी अभंगांत लिहून ठेवली आहे. मराठीत बाईनं स्वतः सांगितलेलं इतकं जुनं आयुष्य क्वचितच मिळतं. कर्जापायी आणि भांडणापायी कुटुंबाला गाव सोडावं लागलं. फिरत फिरत ते कोल्हापूरला पोचले. तिथे कीर्तनं ऐकताना तिला तुकोबांची ओढ लागली. प्रत्यक्ष न भेटता, स्वप्नात तिनं त्यांना गुरू मानलं. ती ब्राह्मणाची बायको आणि गुरू शूद्र. नवऱ्यानं मारलं, बांधून घातलं, ती गरोदर असताना तिला टाकून निघून जायची तयारी केली. मग तो आजारी पडला, आजारात त्याचं मन पालटलं आणि पुढे दोघं देहूला गेले. शेवटी ती शिऊरला राहिली आणि १७०० साली तिथेच वारली.

बहिणाबाईला आपण बंडखोर म्हणून मिरवतो, ते पूर्ण खरं नाही. तिनं नवरा सोडला नाही. पतिसेवा हाच बाईचा धर्म, असंही तिनं लिहिलं आहे. पण हाकही सोडली नाही. दोन्ही एकत्र कसं धरायचं या ओढाताणीत तिचं आयुष्य गेलं. मला तिच्या कहाणीतलं एक वळण फार खटकतं. नवरा आजारी पडला नसता तर? तिची वाट मोकळी झाली ती तिच्या हक्कानं नव्हे, त्याच्या आजारपणानं. आजही कितीजणींची वाट अशीच मोकळी होते! सासू गेली म्हणून, नवऱ्याची बदली झाली म्हणून, मुलं मोठी झाली म्हणून. बाईची हाक दुसऱ्याच्या सवडीवर टांगलेली असते.

अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतलेल्या रमाबाई

बहिणाबाईनंतर दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका मराठी बाईनं ही परवानगीची साखळीच तोडली. त्या पंडिता रमाबाई. ख्रिस्ती सेवेचं पाचारण म्हणजे काय हे मराठीत समजून घ्यायचं तर त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. आणि आपण तर त्यांना अर्ध्याच ओळखतो.

स्त्री चळवळीला रमाबाई माहीत आहेत त्या ‘स्त्रीधर्मनीति’ आणि आर्य महिला समाजाच्या, १८८२ साली हंटर आयोगापुढे बायकांना डॉक्टर आणि शिक्षिका करा असं सांगणाऱ्या, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची दुःखं इंग्रजीत मांडणाऱ्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडणाऱ्या. मग त्या ख्रिस्ती झाल्या होत्या हे आपण खालच्या आवाजात सांगतो, जणू काही तो त्यांच्या आयुष्यातला अपघात होता. उलट काही ख्रिस्ती लोक केडगावच्या मुक्ती मिशनच्या, प्रार्थना करणाऱ्या रमाबाईंबद्दलच बोलतात आणि मिशनऱ्यांशी कडाक्याचे वाद घालणाऱ्या रमाबाई गाळून टाकतात. उमा चक्रवर्ती यांनी १९९८ साली त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकात इतिहासानं या बाईला कसं कडेला सारलं ते दाखवलं आहे. मला त्यात एवढंच जोडायचं आहे की ज्यांनी त्यांना आपलं म्हटलं त्यांनीसुद्धा पूर्ण घेतलं नाही.

त्यांची हाक एका रात्रीत आलेली नाही. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली. भावाबरोबर देशभर पायी हिंडून त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथे त्यांना पंडिता ही पदवी मिळाली. १८८० मध्ये जात-प्रांत न बघता लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. कमी ऐकू येत असल्यानं ती वाट बंद झाली. वाँटेज इथल्या जोगिणींकडे राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवण्यात आलं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे घर होतं, काम होतं, मान होता. रमाबाईंनी विचारलं की हे करायची बुद्धी या बायकांना कुठून होते? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. हलकी मानलेली जात, अनेक नवरे झालेली बाई, आणि तिच्याशी भर दुपारी बरोबरीच्या नात्यानं बोलणारा ख्रिस्त. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बायकांनी बायकांसाठी केलेलं काम पाहून रमाबाईंचं मन ख्रिस्ताकडे वळलं, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिलं आहे. म्हणजे त्यांची स्त्रीमुक्ती एकीकडे आणि धर्म दुसरीकडे अशी वाटणी करायला जागाच नाही. आपण ती करतो ती आपल्या सोयीसाठी.

आणि बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या कुणाच्या ताब्यात गेल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो आपल्या प्रत्येक गटात वाचला पाहिजे. १८८५ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपमंडळी मत देऊ लागली. रमाबाईंनी कळवलं की मोठ्या कष्टानं मी पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवलं आहे, आता तसंच दुसरं जोखड चढवून घेणार नाही. चर्चची अमुक शिकवण मला पटत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्यांच्या घरी राहतो, ज्यांचं अन्न खातो, त्यांना असं लिहायला काय लागतं ते आश्रित म्हणून राहिलेल्या बायकांना विचारा.

इकडे आल्यावर सुधारकांशी गाठ पडली. शारदासदनात धर्माबाबत तटस्थता पाळायची असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार बंद करत नसत, काही मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’नं झोड उठवली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्या सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. मी माझ्या घरात माझ्या देवाचं नाव घेणार, दार लावून चोरून घेणार नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली होती. विद्वान बाईनं स्वतः विचार करून धर्म बदलला याचा लोकांना राग का येतो, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि टाकलेल्या, विकायला काढलेल्या मुली केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी वाचन, सगळं बायका चालवत. आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करण्यात घालवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. संस्कृतची पंडिता म्हणून ज्यांचा सत्कार झाला त्यांनी शेवटी पांडित्याची भाषा बाजूला ठेवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते काम नुकतंच पुरं झालं होतं.

नवऱ्याचं पाचारण बायकोला लागू होत नाही

रमाबाई विधवा होत्या, त्यामुळे निर्णय घेताना नवऱ्याचा प्रश्न नव्हता, असं कुणी म्हणेल. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे बघू. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. जवळजवळ पाच वर्षं ताटातूट झाली. नंतर त्या नवऱ्याबरोबर नगरला राहायला आल्या, पण धर्म बदलला नाही, सोवळं सांभाळून राहिल्या. जातीपातीचा विचार त्यांनी आपल्याच पद्धतीनं, आपल्याच अनुभवातून केला आणि तो पटल्यावर १९०० साली राहुरीला स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, रडतो, पण त्यातली एक गोष्ट नीट बघत नाही. टिळकांना झालेलं पाचारण लक्ष्मीबाईंनी आपलं मानलं नाही. आपल्याला स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या. आणि टिळकांनीही, पुष्कळ ओढूनताणून का होईना, थांबू दिलं.

‘पाळकाचं स्थळ बघू’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मला हे सांगायचं आहे. नवऱ्याच्या हाकेत बायकोची हाक आपोआप येत नाही. पाळकाची बायको रविवारची शाळा घेते, महिला मंडळ चालवते, बाळंतिणीकडे जाते, मयताच्या घरी स्वयंपाक करते, बाहेरगावचे पाहुणे जेवू घालते. ते सगळं ‘तुमच्या मिसेसनं केलं’ म्हणून नवऱ्याच्या खात्यात जमा होतं. पगार एक, काम दोघांचं.

सेवा आणि मानधन

इथे आपण त्या गोड शब्दाशी येतो : सेवा. मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांच्या कामात बायबलबाई असत. बहुतेक इथल्याच, बऱ्याचशा विधवा. घरोघर जायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या, गोष्टी सांगायच्या, आजारपणात बसायच्या. जिथे पुरुष उपदेशकाला उंबरा ओलांडता येत नव्हता त्या माजघरात याच पोचल्या. पण पुरुष उपदेशकापेक्षा त्यांचा पगार कमी. परदेशातून आलेल्या एकट्या बायकांनाही वाट सोपी नव्हती. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या तेव्हा लग्न न झालेल्या बाईला परदेशी पाठवणं ही त्यांच्या अमेरिकन मिशनलाही नवी गोष्ट होती. पुढे याच फरारबाईंच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं असं सांगितलं जातं. एका बाईची हाक दुसरीच्या कामी कशी येते, त्याचं हे उदाहरण.

बायबलबाईचं दुखणं ख्रिस्ती समाजापुरतं नाही. सरकारनं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी ताई ‘सेविका’ झाली. २००५ नंतर आशाताई आल्या, त्या ‘स्वयंसेविका’. पगार नाही, मानधन. संपावर गेल्या की सेवाभाव कुठे गेला म्हणून टोमणे. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. देवाच्या नावानं असो की देशाच्या, बाईच्या कामाला सेवा म्हटलं की दाम कमी करता येतो.

आणि आपल्या स्वतःच्या संस्था? तिथे देव नाही, पण ‘कमिटमेंट’ आहे. रात्री दहाला पोलिस ठाण्यात जायचं, सुट्टी मागायची नाही, तुटपुंज्या मानधनावर दहा वर्षं काढायची, कारण आपण नोकरी नाही तर चळवळ करतो. शब्द बदलला, हिशोब तोच राहिला.

म्हणून माझं म्हणणं असं नाही की हाक आली म्हणजे सगळं पवित्र. उलट, हाक आलेल्या बाईला राबवून घेणं सगळ्यात सोपं असतं, कारण ती स्वतःच तक्रार करत नाही. तिच्यासाठी आपण तक्रार करायला शिकलं पाहिजे.

जिची सेवा होते तिचं काय?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. मिशनऱ्याचं नाव निघालं की लगेच धर्मांतराचा आरोप येतो. हा आरोप करणारे बहुतेक वेळा त्या वस्तीत कधी गेलेले नसतात, आणि माणसं जुना धर्म का सोडतात हे स्वतःला विचारत नाहीत. पण आरोप करणारा खोटा वागतो म्हणून प्रश्नही खोटा ठरत नाही. देणारीचा हात वर असतो आणि घेणारीचा खाली. दुष्काळात उपाशी आलेल्या मुलीनं अन्न देणाऱ्या बाईचा धर्म घेतला, तर ते तिचं पाचारण की तिची अगतिकता? मुक्तिसदनाबद्दलही हे विचारावं लागेल. रमाबाईंना मानणाऱ्या माझ्यासारखीनं तर विचारलंच पाहिजे.

याचं एक उत्तर रमाबाईंच्याच घरात सापडतं. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्या तिथे शिकल्या, रमाबाईंवर त्यांनी जीव लावला, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे कर्व्यांच्या कामात त्या जन्मभर राबल्या. रमाबाईंची हाक गोदूबाईंवर लादली गेली नाही. गोदूबाईंना आपली वाट निवडता आली. खरी सेवा ओळखायची खूण हीच. जिची सेवा केली तिला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटल्यावरही तिचं ताट काढून घेतलं जाता कामा नये.

ही खूण सगळ्यांनाच लावा. गोरक्षणाच्या नावानं अन्नछत्र चालवणाऱ्यांना लावा, मतांसाठी साड्या वाटणाऱ्यांना लावा, आणि आपल्या आधारगृहांनाही लावा. आपल्याकडे आसऱ्याला आलेली बाई चार दिवसांत आपली भाषा बोलायला लागते. मंगळसूत्र घालायला लाजते, उपास लपवून करते. ते तिला पटलं म्हणून की आपण आसरा दिला म्हणून?

आपण काय करायचं

मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगायचं ते असं. ज्या मुलीला पाचारण आहे तिला तिच्या स्वतःच्या नावावर शिकायला पाठवा, लग्नाची अट घालू नका. शिकून आली की पुरुषाइतकाच पगार द्या. १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बाईला पाळकाची दीक्षा घेता येते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पललिता या बाई बिशप झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये मात्र जन्मभर सेवा करणाऱ्या सिस्टरना धर्मगुरू होता येत नाही. नियमात दार असलं तरी गावच्या मंडळीत ते ढकलून उघडावं लागतं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे समिती असते, ती चर्चच्या शाळांत आणि दवाखान्यांतही हवी.

घरच्यांना सांगायचं ते आणखी थोडक्यात. लग्न हा बाईच्या कामाचा परवाना नाही.

आणि आपल्याला? आपण बाईच्या श्रद्धेची परीक्षक होणं थांबवावं. तिला तीन गोष्टी विचाराव्यात. हे तू ठरवलंस का? यात तुझं पोट भरेल का, आणि नको झालं तर बाहेर पडता येईल का? तू ज्यांच्यासाठी जातेस त्यांना तुला नको म्हणायची मोकळीक राहील का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर आपलं काम तिच्या मागे उभं राहण्याचं आहे, मग ती ख्रिस्ताचं नाव घेवो, बुद्धाचं घेवो, विठ्ठलाचं घेवो की कुणाचंच न घेवो. एखादं उत्तर ‘नाही’ असेल तर तेवढ्यापुरतं भांडायचं. तिच्या देवाशी भांडायची गरज नाही.

शेवटी एक विनंती. नगर, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतल्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये बायबलबाईंच्या नाती-पणत्या अजून आहेत. त्यांच्याकडे आठवणी आहेत, एखादा जुना फोटो आहे, एखादी पाठ झालेली गोष्ट आहे. या बायकांची नोंद कुठे सापडलीच तर ‘अमक्याची विधवा’ एवढीच सापडते. तुमच्या गावात अशी आजी असेल तर तिच्याजवळ बसा, ती सांगेल ते लिहून घ्या आणि अंकासाठी पाठवा. बायबलबाईला काय नावानं हाक मारत, ते नाव आधी विचारा.